दहापैकी तीन

कोल्हापुरात सुनंदा गवसने स्वतः काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. शेवटचा दिवस उजाडला तरी एकही फोटो विकला गेला नव्हता, आणि नेमके तेव्हाच शिक्षणसम्राट दादासाहेब सरनौबत चार माणसं मागे घेऊन आत आले. पंचगंगेच्या धुक्यात उभ्या असलेल्या म्हशीसमोर ते थांबले. त्या एका फोटोसाठी सुनंदाने तीन हिवाळे गुडघाभर पाण्यात काढले होते.

दादासाहेबांनी आपलं कार्ड टेबलावर टाकलं. "हा बंगल्यावर पोचव." मग फोटोखाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा त्यांना दिसला: ३/१०.

"दहापैकी तीन? तूच स्वतःला नापास केलंयस की. मग पैसेही दहातले तीनच भाग मिळतील."

मागचे चौघे हसले.

"साहेब, या फोटोच्या दहाच प्रती निघणार. ही त्यातली तिसरी, एवढाच त्याचा अर्थ."

"मला अर्थ शिकवू नकोस. चाळीस वर्षं मार्क वाटतोय मी."

सुनंदाने कार्ड उचललं आणि पत्ता मोठ्यांदा वाचला. "प्लॉट नंबर २/७. म्हणजे तुमच्या हिशोबाने बंगलाही नापासच. तो सातातल्या दोन भागांच्या किमतीत मला देऊन टाका. मग त्याच्या भिंतीवर हा फोटो मी फुकट टांगते."

या खेपेला मागच्या चौघांतले तिघे हसले. चौथा दादासाहेबांचा जावई होता.