घळीतले आजोबा

डोंगर तरुण होते तेव्हाची गोष्ट. पार उत्तरेला, जिथे उन्हाळा पाहुण्यासारखा चार दिवस राहून जातो, तिथे एक तितर राहायची. सगळा बर्फ वितळला तरी सावलीच्या घळीत एक ढिगारा उरायचा. तितर त्याला चिडवायची, "आजोबा, निघा की आता!"

थंडी तोंडावर आली. रिवाजाप्रमाणे तितरीने तपकिरी पिसं टाकून पांढरी चढवली. पण यंदा बर्फाचाच पत्ता नाही! उघड्या उतारावर ती दुरूनही चमकू लागली. वरून गरुड झेपावला. तितर धूम पळाली आणि ढिगाऱ्यावर निपचित बसली. पांढऱ्यात पांढरं मिसळलं. गरुड घिरट्या घालून रिकामाच गेला.

पुढच्या उन्हाळ्यात तिची पिल्लं ढिगाऱ्याला ओरडली, "आजोबा, निघा की आता!"

"बडबडताय काय?" तितर म्हणाली. "पंख पसरा! आजोबांना ऊन लागतंय."