टकरसाहेबाच्या म्हातारीचे पाय

बिरोबाची आण, पाव्हणं, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तेव्हा माझा पणजासुद्धा जन्मला नव्हता, पण त्यानं काय बिघडतं?

हे कड्यालगतचं दगडी कुंड बघा. याला टकरचं कुंड म्हणतात. इथं पूर्वी धनगर विणलेली घोंगडी भिजवून अनवाणी पायांनी तुडवायचे. तुडवल्याशिवाय वीण घट्ट बसत नाही, आणि सैल घोंगडीतून पाऊस थेट हाडात जातो.

पुढं टकर नावाचा गोरा साहेब आला आणि त्यानं वर बंगला बांधला. चहा पिताना म्हणे त्या नाजूक नाकाला ओल्या लोकरीचा वास सोसेना. नाकाला रुमाल लावून त्यानं हुकूम काढला, कुंडात पाय घालील त्याची मेंढरं जप्त! मृगाला पंधरा दिवस उरले होते. धनगरांचा म्होरक्या धुळा कोकरे त्याच्या पाया पडला. "साहेब, घोंगडी नसंल तर लेकरं गारठून मरतील."

साहेब म्हणाला, "आमचं घराणं थोर. असला गलिच्छ धंदा माझ्या नजरेसमोर नको."

त्याच आठवड्यात साहेबाची आई विलायतेहून आली. असं सांगतात, की म्हातारी कुंडाच्या काठावर बसली, बूट-मोजे काढले आणि घागरा खोचून सरळ आत उतरली. साहेब वरून किंचाळला. म्हातारी तुडवता तुडवता बोलत होती, साहेबाचा बटलर ते मराठीत सांगत होता:

"थोर घराणं म्हणे! अरे, आमच्याकडं टकर म्हणजे कापड तुडवणारा. तुझा खापरपणजा लोकरीचा मळ काढायला शिळ्या मुतानं भरलेल्या पिंपात उभा राहून ती तुडवायचा. त्यावरून गावानं आडनाव पाडलं. तेच तू चांदीच्या पेल्यावर कोरून मिरवतोस?"

धनगर खदखदून हसले. धुळाची बायको ओरडली, "आत्याबाई, टाच जोरात मारा!" साहेब दार लावून आत बसला आणि घोंगड्या मृगाआधी तयार झाल्या.

आता खरं सांगतो. आडनावाचा अर्थ खरा, हुकूमही खरा. म्हातारी तेवढी माझ्या पदरची. असल्या माणसाला त्याचं कूळ कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणून मी तिला विलायतेहून आणली. त्या वर्षी कुणीच आलं नाही. सैल घोंगड्या पोरांच्या अंगावर घालून धुळा भर पावसात हा घाट उतरून गेला.

आजही कोकऱ्यांची मेंढरं हा घाट चढत नाहीत.