युद्ध नसलेली पोथी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही. एवढे मात्र सगळे सांगतात, की त्या राज्यात कथा ऐकायला माणसे जेवण विसरत.

राजधानीत एक मोठी ग्रंथशाळा होती. तिथे निवडलेल्या पोथ्यांच्या नकला होत आणि त्या गावोगाव जात. पण लिहिणाऱ्याला थेट ग्रंथशाळेत जाता येत नसे. आधी एखाद्या ग्रंथदूताला गाठावे लागे. ग्रंथदूताला पोथी पसंत पडली, तर तो ती ग्रंथपालापुढे नेई, तिच्याबद्दल चार शब्द बोले आणि पुढे तिच्या मानधनात त्याचा वाटा असे. ग्रंथपालाकडे पोथ्यांचा ढीग एवढा असे, की तो बहुधा त्या चार शब्दांवरच निर्णय देई.

या राज्याच्या टोकाला, घाटाच्या तोंडाशी हेमावती नावाची बाई धर्मशाळा चालवीत असे. वाटसरूंची जेवणे उरकली की ती लिहायला बसे. अशी कित्येक वर्षे लिहून तिने एक लांबलचक कथा पुरी केली. दोन बहिणींची कथा. आई गेल्यावर त्यांनी घर वाटून घेतले, पण विहीर वाटता आली नाही. मग त्या एकाच विहिरीवर जन्मभर पाणी भरत राहिल्या आणि एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मुक्कामाला आलेले लोक ही कथा ऐकत आणि पुढचा भाग ऐकायला आणखी एक दिवस राहत.

शेवटी नवराच तिला म्हणाला, की धर्मशाळा मी सांभाळतो, तू पोथी घेऊन राजधानीला जा. यात्रेकरूंचा हंगाम तोंडावर होता, तरी त्याने तिला पाठवले. हेमावती निघाली.

पहिल्या ग्रंथदूताने पोथी उघडलीही नाही. त्याला देवादिकांच्या कथा हव्या होत्या. दुसऱ्याने निदान विचारले, की कथा कशाची आहे. हेमावती सांगू लागली. दोन बहिणी आहेत, एक विहीर आहे. तो म्हणाला, "बरं, पुढे?" पुढे काय सांगावे ते तिला सुचेना. जी कथा सांगताना धर्मशाळेत रात्र पुरत नसे, ती इथे दोन वाक्यांत संपली. त्याने जांभई आवरली आणि पोथी तिच्याकडे सरकवली.

हेमावतीचा धीर खचला. ती उतरली होती तिथल्या बायका सांगत, की सध्या सगळीकडे युद्धकथांना मागणी आहे आणि धरणीधर नावाच्या ग्रंथदूताने नेलेली युद्धकथा कधी परत येत नाही. हेमावतीने दोन दिवस विचार केला आणि ती धरणीधराकडे गेली.

"ही युद्धाची कथा आहे," ती म्हणाली. "पाण्यासाठी पेटलेलं वैर. दोन्ही बाजू एकाच रक्ताच्या."

धरणीधराचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी ग्रंथशाळेत पोथ्या निवडण्याची सभा होती आणि सबंध पोथी वाचायला वेळ नव्हता. त्याने पहिली चार पाने वाचली. त्यात पहाटेची विहीर होती आणि दोघींनी एकमेकींकडे टाकलेली नजर होती. त्या नजरेची धार पाहून त्याला वाटले, सैन्य आता येईलच. बाकीच्यासाठी त्याने हेमावतीच्या शब्दावर विश्वास ठेवला.

सभेत धरणीधर फार सुंदर बोलला. ग्रंथपाल खूष झाला. नकला करायला सांगण्याआधी एखादे रणांगण ऐकावे म्हणून त्याने पोथी मधोमध उघडायला लावली. सभेच्या वाचकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धाकटी बहीण अंगणात पापड वाळत घालत होती आणि थोरली भिंतीपलीकडून ते मोजत होती. वाचकाने काही पाने उलटली. तिथे थोरलीला ताप आला होता. आणखी पुढे विहिरीतला गाळ काढणे चालले होते.

आधी एक जण हसला. मग सगळी सभा हसली.

"धरणीधर, युद्ध कुठे आहे?" ग्रंथपालाने विचारले.

संध्याकाळी त्याने पोथी हेमावतीला परत केली. तो रागावला नव्हता, पण थकलेला दिसत होता. हेमावती म्हणाली, की दोन बहिणींचे वैर हेही एका परीने युद्धच असते.

"मग तसंच सांगायचं होतं," धरणीधर म्हणाला. "बाई, मला लिहिता येत नाही, गाता येत नाही. माझ्याजवळ फक्त माझा शब्द आहे. आज तो तुम्ही खोटा पाडलात."

हेमावती बिऱ्हाडी परतली. तिला वाईट वाटत होते, पण आशा सुटत नव्हती. तिने ठरवले, की कथेत युद्ध नाही ना, मग घालू. तिने विहिरीवर सैन्य आणले, घोडे आणले, सेनापतीच्या तोंडी मोठे भाषण घातले. पण सैन्य आले, की दोन्ही बहिणी आपापल्या घरात शिरून दार लावून घेत. कितीही लिहिले तरी त्या बाहेर यायला तयार होईनात. शेवटी हेमावतीने ती पाने काढून टाकली.

राजधानीत अंबुजा नावाची एक म्हातारी ग्रंथदूत होती. ती फार थोड्या पोथ्या नेई, म्हणून तिच्या दारी फारसे कुणी जात नसे. हेमावती तिच्याकडे गेली आणि बसता बसताच म्हणाली, "ही दोन बहिणींची गोष्ट आहे. हिच्यात युद्ध नाही, राजा नाही, चमत्कारही नाही. हसू आलं तर दोन-तीन जागी येईल."

"मग लोकांनी वाचायची कशासाठी?" अंबुजाने विचारले.

हेमावतीने मांडीवरची पोथी सरळ केली. मग म्हणाली, "ते मला नीट सांगता येत नाही. पण आमच्या धर्मशाळेत एक व्यापारी उतरला होता. कथा ऐकता ऐकता अर्ध्यातच उठला आणि घोड्यावर खोगीर चढवायला लागला. मला वाटलं, कंटाळला. मी विचारलं, तर म्हणाला, भावाचं गाव मागे राहिलंय, आधी तिकडे जाऊन येतो."

अंबुजाने पोथी ठेवून घेतली. आठवडाभराने तिने हेमावतीला बोलावले. पोथी शेवटच्या पानापर्यंत वाचून झाली होती.

"मी नेईन ही," ती म्हणाली. "पण सभेत हिचं हसं झालं आहे आणि त्यात धरणीधराचं नाव गेलं आहे. आता तो कुठलीही पोथी नेवो, ती मधोमध उघडून पाहतात. आधी ते निस्तर."

हेमावती धरणीधराच्या घरी गेली. तो ओसरीवर बसला होता. आत या, असे तो म्हणाला नाही. ती उभ्यानेच म्हणाली, की मी सभेत येऊन खरे काय ते सांगते. धरणीधराने विचारले, की त्यात तुमचा काय फायदा? ती म्हणाली, काहीच नाही, उलट पोथी कायमची परत येईल असे वाटते. तेव्हा कुठे त्याने तिला बसायला पाट दिला.

पुढच्या सभेत हेमावती सगळ्यांसमोर उभी राहिली. युद्धाची थाप आपण मारली आणि धरणीधराने आपल्यावर विश्वास ठेवला, एवढेच तिने सांगितले. आपल्या पोथीबद्दल एक शब्दही काढला नाही.

ग्रंथपालाने शांतपणे ऐकून घेतले. धरणीधरावरचा संशय त्याने तिथल्या तिथे दूर केला. मग हेमावतीकडे वळून तो म्हणाला, "खरं बोललात, ते चांगलं झालं. पण आधी खोटं बोललात, तेही झालंच. वर्षभर तुमची पोथी या सभेत येणार नाही."

हेमावती गावी परतली. नवऱ्याने काय झाले ते विचारले आणि तिने काही न लपवता सांगितले. हंगामभर एकट्याने राबून तो वाळला होता. तो एवढेच म्हणाला, की वर्ष काय, जाईल. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा वाटसरूंच्या भाकऱ्या थापू लागली. मध्यंतरी अंबुजाचा काही निरोप नव्हता. म्हातारी विसरली असेल, असेही हेमावतीच्या मनात येऊन गेले.

अंबुजा विसरली नव्हती. वर्ष सरल्यावर ती स्वतः पोथी घेऊन सभेत गेली आणि तिने हेमावतीचेच शब्द सांगितले. युद्ध नाही, राजा नाही, दोन बहिणी आहेत. व्यापाऱ्याचीही हकिकत सांगितली. ग्रंथपालाने सवयीने पोथी मधोमध उघडायला लावली. तेच पापड निघाले, तीच भिंत. या वेळी कुणी हसले नाही. लोक ऐकत राहिले. वाचक थांबला तेव्हा ग्रंथपालाने त्याला पुढे वाचायला सांगितले.

नकला थोड्याच झाल्या. राजवाड्यात एकही गेली नाही. सगळ्या लहान लहान गावांत गेल्या. पण पुढच्या वर्षी त्या गावांतून निरोप आले, की वाचून वाचून पाने फाटली आहेत, दुसरी नक्कल पाठवा. आणि तेव्हा ग्रंथशाळेने एक नियम केला. ग्रंथदूत पोथीबद्दल बोलत असताना लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारी उभे राहायचे, म्हणजे बोलणे आणि पोथी जुळते की नाही ते तिथेच कळेल. अंबुजा सोडून बाकी सगळ्या ग्रंथदूतांना तो नियम फार जाचक वाटला.

तात्पर्य : कथा कल्पनेतली असली तरी चालते, पण तिची ओळख करून देताना खरेच बोलावे लागते.