घरघंटीचे हप्ते

चिपळूणच्या वत्सलाबाई शिर्के घरी चकलीची भाजणी दळून विकायच्या. त्यांनी हप्त्यांवर घेतलेली घरघंटी ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद पडली. दुरुस्तीला माणूस बोलवायला गेल्या, तर कळलं की कंपनीचंच दिवाळं वाजलंय. मग बाईंनी हप्तेही थांबवले.

दोनेक महिन्यांत काळा चष्मा लावलेले वसुलीचे दिघेसाहेब दारात उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे गरजले, "बाई, थकलेले हप्ते भरा, नाहीतर घरघंटी उचलून नेतो!"

भाजणीवरच तर बाईंचं घर चालत होतं. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "पण कंपनी बुडाली ना?"

"कंपनी बुडाली म्हणून करार बुडत नाही! तिची सगळी येणी आम्ही विकत घेतलीत. आता कंपनीच्या जागी आम्ही!"

"असं होय? मग बूट काढून आत या. त्याच करारात तीन वर्षं फुकट दुरुस्ती लिहिलीय. दळायचा दगड अडकलाय, तेवढा बघा."

साहेब गडबडले. "दुरुस्ती जुन्या कंपनीकडे होती. ती आता कुठे आहे?"

"वा साहेब! म्हणजे घ्यायला कंपनी जिवंत, आणि द्यायला तेवढी मेलेली?"

आळीत हशा पिकला. साहेबांनी मुकाट्याने मेकॅनिकला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी घरघंटी पुन्हा घरघरू लागली. बाईंनी थकलेले हप्ते हसत भरले. साहेबांनी भाजणीची पिशवी उचलली, तशा त्या म्हणाल्या, "ही मात्र रोखीनं हं!"