पाण्यात सोडलेलं नाव

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हता, आणि नदी अशी आटलेलीही नव्हती. अलीकडं निंबोरं, पलीकडं पिंपळदरा, आणि मधे एवढं पाणी की पलीकडच्या घाटावर उभ्या बाईचं लुगडं दिसायचं, पण तोंड दिसायचं नाही. हाक तर पोचायचीच नाही.

निंबोऱ्यात गोजरा नावाची कुंभारीण राहायची. नवरा मागंच गेलेला. एकुलती लेक हौसा, ती पिंपळदऱ्यात दिलेली. सासरी जाताना आईनं तिला आपल्या हातचा एक माठ दिला होता. दुसरं देण्यासारखं घरात काही नव्हतं.

त्या साली नदीच्या मधोमध वाळूचं बेट वर आलं. टरबुजांना ती वाळू फार चांगली. ती कुणाची, यावरून दोन्ही गावांत डोकी फुटली, आणि पाटलांनी शपथा घातल्या, की जो नावेत बसेल त्याला वाळीत टाकायचं. लिंबाजी भोयाची नाव काठावर पालथी पडली.

गोजरा रोज सकाळी घाटावर जायची. पलीकडं पिवळं लुगडं यायचं, ती हौसा. एक दिवस गोजरानं पाहिलं, की पोर घागर कमरेवर घेईना, डोक्यावर घेऊ लागली. आईला सांगावं लागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि माहेर तर या काठावर अडकलेलं.

ती लिंबाजीकडं गेली. म्हातारा पालथ्या नावेला टेकून बसला होता.

"आबा, मला पवायला शिकवा."

"वय काय तुझं, गोजरा?"

"पंचेचाळीस असंल. शपथ नावंची घातलीया. पाण्यात पडू नये, असं कोण म्हणालंय?"

लिंबाजी हसला. त्यानं तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधला, काष्टा आवळून घ्यायला लावला, आणि कमरेइतक्या पाण्यात उभी केली.

घाटावरच्या बायका धुणं सोडून बघायला लागल्या.

"काय गं गोजराबाई, या वयात बेडूक व्हायचंय होय?"

"बेडकाला पलीकडं जाता येतं ना? मग होते बेडूक."

पण जमेना. हात ती चांगले टाकायची, एकापुढं एक, चाक फिरवून कसलेले हात ते. तरी पाच-दहा हातांत पाय खाली जायचे, छाती फुटायला यायची, आणि लिंबाजी तिला भोपळ्याला धरून ओढून आणायचा. महिना गेला, दुसरा लागला. पिवळं लुगडं आता पायऱ्या हळू उतरत होतं.

एक दिवस म्हातारा म्हणाला, "तुझी चूक सांगू का? तू सारखी मान वर काढून पलीकडं बघतीस."

"लेक हाय तिथं, आबा."

"हाय खरी. पण नावंनं नाक वर केलं की ती मागनं बुडती. तोंड पाण्यात घाल, खाली बघ. पलीकडचा काठ बघायचा सोडलास, तरच तिथं पोचशील."

तिला ते फार जड गेलं. तिनं तोंड पाण्यात घातलं, पण श्वास छातीत दाबून धरला, आणि पुन्हा धापा टाकत उठली.

"भरल्या माठात पाणी ओतशील का?" लिंबाजी म्हणाला. "आधी रिता कर. पाण्यात असतानाच श्वास समदा सोड. मग गाल पाण्यावर ठेवूनच तोंड कुशीला वळव, हवा आपसूक आत येती. डोकं उचलायचं न्हाई."

"किती सोडू?"

"लेकीचं नाव घे. नाव संपलं की वळ."

गोजरानं तोंड पाण्यात घातलं आणि म्हणाली, हौसाऽ. बुडबुडे निघाले. ती वळली, श्वास आत आला. पुन्हा हौसाऽ, पुन्हा वळली. पाय आपोआप वर आले. त्या दिवशी तिनं पाठीचा भोपळा सोडला, असं म्हणतात.

आणि असंही म्हणतात, की त्याच दिवशी पिंपळदऱ्यात हौसा माठातून पाणी काढायला वाकली, तर माठातून आईची हाक आली. ती माठाला कान लावून बसून राहिली. सासू म्हणाली, "पाणी बोलतं व्हय कुठं?" मग तिनंही कान लावला, आणि विहिणीसाठी बाजेवर गोधडी घालायला गेली.

माघातल्या एका पहाटे गोजरानं त्याच भोपळ्याला भोक पाडलं, आत डिंकाचे लाडू आणि बाळाचं टोपडं भरलं, मेणानं तोंड बंद केलं, आणि तो कमरेला बांधून ती नदीत उतरली. पलीकडं एकदाही पाहिलं नाही. तिच्या श्वासाबरोबर नदी वर-खाली होत होती, मासे दोन्ही अंगांनी चालत होते, असं म्हणतात. पायाला वाळू लागली तेव्हा तिनं मान वर केली. पायरीवर हौसा उभी होती. तिसऱ्या दिवशी नात झाली. आजीच्या भोपळ्यातलं टोपडं सुकंच होतं.

बाईमाणूस पोहून आलं, तेव्हा पाटलांना आपल्या शपथेची लाज वाटली. नाव उताणी झाली. पण गोजरा नावेत कधी बसली नाही. केस पांढरे झाले तरी ती पोहतच लेकीकडं जायची. एका सकाळी ती निंबोऱ्याच्या घाटावरून पाण्यात उतरलेली सगळ्यांनी पाहिली. पलीकडं पाण्यातून बाहेर आलेली कुणी पाहिली नाही. हौसा दिवसभर माठाला कान लावून बसली होती, आणि दिवसभर हाक येत होती.

आता पूल आहे. पाच मिनिटांत माणूस पलीकडं जातो. तरी निंबोऱ्यात कुणी मोठ्या वयात पोहायला शिकायला आलं, की पाठीला भोपळा बांधतात आणि विचारतात, तुला आठवण कुणाची येते? त्याचं नाव पाण्यात सोडायचं, मग वळायचं.

आणि पिंपळदऱ्यात नवा माठ भरला, की घरातली बाई आधी त्याला कान लावते. मगच पहिलं भांडं काढते.