कपाटातले बारा टॅब

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आंबेझरी गावाची शाळा साथीमुळे बंद झाली, आणि शाळेच्या कपाटाची किल्ली केशरबाईच्या हातात आली.

केशर सातवी शिकलेली. सरळ, पण जिवाला घोर लावून घेणारी. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेली चिंचसुद्धा ती उचलायची नाही. म्हणून तर गावाने तिला शाळेच्या समितीची अध्यक्ष केलेलं.

गुरुजी आपल्या गावी निघाले. जाताना म्हणाले, "बाई, कपाटात दानात आलेले बारा टॅब आहेत. सगळे धडे आत भरलेले, नेटही लागत नाही. सांभाळा. इथे सही करा."

केशरने सही केली.

साथ लांबली. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल होता, त्यांची पोरं ओसरीत बसून शिकू लागली. बाकीची शेळ्यांमागे गेली. केशरच्या घरी बटणांचा फोन. तिची तनुजा पाढे विसरत चालली.

शेजारच्या द्वारकाची कावेरी सातवीत होती, वर्गात पहिली. एक दिवस ती दारात आली.

"काकू, एक टॅब द्या ना. तुमच्या ओट्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर बसते. घरी नेत नाही."

"आणि फुटला तर गं? सही माझी आहे."

"बारा आहेत, काकू. आम्ही फोन नसलेले दहाच जण आहोत."

"मी माझ्या तनुजाला नाही दिला. तुला कसा देऊ?"

हे बोलताना केशरला बरं वाटलं. आपण आपपर केलं नाही, असं वाटलं.

महिन्याने द्वारका स्वतः आली. "केशर, कावेरीच्या बापाने स्थळं बघायला घेतलीत. म्हणतो, शाळा नाही, फळा नाही, रिकामी पोर किती दिवस घरात ठेवू? तिच्या हातात शिकायचं काही दिसलं, तर मी त्याला अडवीन. नाहीतर कशाच्या जोरावर बोलू?"

केशरने गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "द्यायला हरकत नाही. पण जबाबदारी तुमची हं!"

एवढं ऐकलं आणि किल्लीकडे गेलेला तिचा हात मागे आला.

द्वारका उठली. "मग देव्हाऱ्यात तरी मांड त्यांना. येता-जाता आम्हीपण दोन फुलं वाहू."

दर अमावस्येला केशर शाळेत जायची. कपाट उघडून बाराच्या बारा आहेत ना बघायची. पदराने धूळ पुसायची, किडा-मुंगी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवायची. धान्य जपावं तसं तिने त्यांना जपलं. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही.

दिवाळीनंतर कावेरीचं लग्न लागलं. वीस माणसांत, तोंडाला फडकी बांधून. पोर तेरा वर्षांची. केशरने अक्षता टाकल्या. कावेरी पाया पडायला वाकली, तेव्हा केशरने पाय मागे घेतले.

दीड वर्षाने शाळा उघडली. गुरुजींनी कपाट उघडलं. टॅब तळलेल्या पापडासारखे फुगले होते. एकेक करून विजेला लावून बघितले. एकही चालू झाला नाही.

"एकावरही ओरखडा नाही, बाई," गुरुजी हळूच म्हणाले.

"मग गेले कशाने, गुरुजी? मी तर कुणाला हात लावू दिला नाही."

"त्यानेच गेले. चार्ज न करता पडून राहिले, की आतली बॅटरी फुगून मरते. वापरात असते, तर टिकले असते."

केशर दाराशीच खाली बसली. गुरुजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. तिसरं नाव कावेरीचं. त्यांनी दोनदा पुकारलं.

मग तनुजा उभी राहिली. "ती सासरी असते, गुरुजी."

गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.

तात्पर्य: शिकायची वस्तू मुलाच्या हातून फुटली, तरी त्याला चार अक्षरं देऊन फुटते, कुलपात जपली, तर वस्तूही जाते आणि मूलही जातं. तुमच्या गावच्या शाळेत असं बंद कपाट असेल, तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला ही गोष्ट आजच सांगा. त्याने कानाआड केली, तर शेजारणीला सांगा, आणि तिला म्हणावं, पुढे सांग.