बुजवलेलं बीळ

नदी वरच्या शेतांतलं खत वाहून आणू लागली, त्याचं ते नववं वर्ष. भाद्रपद सरत आला होता. खाडीच्या चिखलात सगळे भिऊन जगत होते.

चिखलाच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणारे इवले जीव राहत, ते वरचे. त्यांना जगायला हवा लागे. कुजकं पचवून ते त्याचा क्षार करत. खालच्या काळोखात तळचे राहत. ते हवेऐवजी क्षारावर जगत. मध्ये एका किड्यानं कोरलेलं बीळ होतं. दर ओहोटीला वरचे त्यातून क्षार खाली सोडत. सोडताना खाली बघायचं नाही, अशी रीत होती. कुजकं, क्षार, हे सगळं आकाशाकडून उसनं आणलंय, एवढं जुनेजाणते सांगत. ते फेडतं कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

खतानं त्या वर्षी क्षार फार झाला. खालून बुडबुडे उसळू लागले. घरं हादरली.

"तळचे ठोकतायत," वरच्यांचा म्होरक्या उजागर म्हणाला. "आपलं खाऊन माजले. आता वर येणार."

"इतकी वर्षं आले का कधी?" म्हाताऱ्या मोहराकाकूनं विचारलं.

"काकू, तुम्ही गप बसा. सांगून येणार आहेत का?"

बीळ बुजवलं. हादरे थांबले. वरचे निवांत झोपले.

क्षार साचला, वरच्या पाण्यात मिसळला. पाणी शेवाळानं हिरवं झालं, दाट झालं, मग ते शेवाळ मेलं आणि कुजत खाली पडू लागलं. त्या कुजण्यानं हवा खाल्ली. कडेची घरं आधी गुदमरली. मग मधली.

मोहराकाकू सरपटत बिळापाशी गेली.

"खाली कुणी आहे का रे?"

खालून उत्तर आलं. "थोडे उरलोय. बाकीचे उपाशी गेले."

"उघडलं तर वर याल?"

खाली कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. "वर येऊन मरायचंय का आम्हाला? हवा सोसत नाही, बाई."

"मग ठोकत का होता?"

"ठोकत नव्हतो. आकाशाचं उसनं परत पाठवत होतो. वाट तुमच्या घरातून होती."

तिनं बीळ उकरलं. उजागर मागे उभा होता. तिला अडवायला त्याच्यात दम नव्हता. साचलेला क्षार खाली गेला.

घरं पुन्हा हादरली. कुणी पळालं नाही. एक बुडबुडा मोहराकाकूच्या अंगाला घासून निघाला, कुजक्या हिरव्यातून वर चढला, पाण्याच्या टोकाशी फुटला आणि वाऱ्यात गेला.